मुनियाची चोच आणि २४ हजार पुठ्ठे

येवल्यात पाहुणा आला की त्याला पैठणीचा इतिहास ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. दोन हजार वर्षांची परंपरा, सातवाहनांची राजधानी, रोमच्या सरदारणींच्या अंगावर पैठणचं रेशीम. दुकानात साड्या उलगडणाऱ्या पोरालाही हे तोंडपाठ असतं. कुणी पुरावा मागितलाच, तर पेरिप्लसचं नाव पुढे करतात. हे पेरिप्लस म्हणजे पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं बंदरांचं आणि व्यापाराचं टिपण. मी ते भाषांतरातून वाचलं आहे. त्यात पैठण आहे, नाही असं नाही. पण पैठणहून भडोचला गाड्या भरून जातात ते अकीकासारखे दगड. कापड जातं ते तगरहून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. तेही साधं कापड आणि मलमल. जरीचा पदर, बांगडी मोर, असावलीची फुलवेल यांचा त्यात मागमूस नाही.

पाहुण्यासमोर हे बोललो तर दुकानदार रागावेल, म्हणून बोलत नाही. गिऱ्हाईक त्याचं, गल्ला त्याचा. मला मात्र या दोन हजार वर्षांपेक्षा दुसऱ्याच इतिहासाचा नाद आहे. कापडावर उतरण्याआधी नक्षी असते कुठे? कुणाच्या ताब्यात असते? एकाकडून दुसऱ्याकडे जाते कशी? आमचं घर साळ्यांचं. तीन पिढ्या आम्ही याच गोष्टीवर पोट भरलं. आजोबा मागावर बसायचे आणि नक्षी त्यांच्या डोक्यात असायची. वडील जेकार्डचे पुठ्ठे पाडायचे. मी कॉम्प्युटरवर ग्राफ काढतो.

आधी आजोबांचं काम सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अस्सल पैठणीच्या पदरात जमीन जरीची आणि तिच्यावर रेशमाचे मोर, पोपट, कमळं. यातला कुठलाच रंग या काठापासून त्या काठापर्यंत सलग जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे रेशीम गुंडाळलेली बोटाएवढी काडी. मोराची मान निळी असेल तर निळी तिल्ली मानेच्या पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत जाते, तिथे शेजारच्या जरीच्या तारेत गुंतते आणि मागे वळते. पुढच्या ओळीत पुन्हा तेच, फक्त मान एखाद्या तारेनं सरकलेली. पदराच्या रुंदीत अशा कितीतरी तिल्ल्या एकाच वेळी लोंबत असतात. दोन रंग भेटतात तिथली गुंतवण सैल पडली तर बारीक फट राहते आणि कापड उजेडाकडे धरलं की दिसते. जास्त ओढली तर तारा जवळ येतात आणि पदर आक्रसतो. दोन्ही सांभाळून झालेलं काम पुढून आणि मागून सारखं दिसतं. म्हणून जाणती बाई पदर हातात घेतला की आधी उलटा करते, मग किंमत विचारते.

हे सगळं चालतं उभ्या तारा मोजून. चार सोड, दोन घे, सहा सोड. आजोबांना लिहिता-वाचता येत होतं, किराण्याचा हिशोब ते वहीत ठेवायचे, पण मोर त्यांनी कधी कागदावर काढल्याचं कुणाला आठवत नाही. मोर बोटांत होता. तो बोटांतून दुसऱ्याच्या बोटांत जायचा तो शेजारी बसून, वर्षानुवर्षं कांड्या भरत, तिल्ल्या पुरवत. आणि जायचाच असंही नाही. धाकट्या भावाला त्यांनी तुऱ्याच्या दोन तारा मुद्दाम चुकीच्या सांगितल्या, असं आमच्या घरात अजून बोललं जातं. त्या भावाच्या घरातले लोक हे जास्त बोलतात.

थोरल्या माधवराव पेशव्यांनी पैठणहून असावलीचे दुपट्टे मागवल्याचा उल्लेख पैठणीवर लिहिणारे सगळे करतात. रंग सांगितले होते: तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. असावली कशी असावी हे सांगण्याची गरज वाटली नसावी. नक्षी विणकराच्या घरची होती. मागणाऱ्यानं रंग सांगायचा आणि पैसे मोजायचे.

पैठणपासून औरंगाबाद जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण तिथल्या हिमरू कापडात नक्षी अगदी वेगळ्या जागी राहते. हिमरूचा ताणा सुती आणि नक्षीचा बाणा रेशमी. तीच बुट्टी रुंदीभर आणि लांबीभर पुन्हापुन्हा येते. दर ओळीला शेकडो तारा मोजत बसलं तर गजभर कापडाला जन्म जायचा. म्हणून तिथे जाळा. मागाच्या वर उभ्या दोऱ्यांचा पडदा टांगलेला असतो, त्यातला प्रत्येक दोरा खाली ताण्याच्या ठरावीक तारांना बांधलेला. या उभ्या दोऱ्यांना आडवे फासे घातलेले असतात. एक आडवा फासा म्हणजे कापडाची एक ओळ. वर बसलेला पोरगा फासा ओढतो, त्यात अडकलेले दोरे वर येतात, त्यांच्यासोबत ताण्याच्या नेमक्या तारा उचलल्या जातात, आणि खाली खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर त्या फटीतून धोटा टाकतो. मग पुढचा फासा. सगळे फासे संपले की बुट्टी पूर्ण, पुन्हा पहिल्यापासून.

या रचनेतली हुशारी बारकाईनं बघण्यासारखी आहे. एकच उभा दोरा रुंदीतल्या दहा ठिकाणच्या तारांना बांधला, की एकदा ओढल्यावर दहा बुट्ट्यांची तीच ओळ एकदम उचलली जाते. फूल डावीउजवीकडे सारखं असेल तर अर्ध्याच फुलाचे फासे पुरतात. दुसऱ्या अर्ध्याच्या तारा उलट क्रमानं बांधायच्या. बनारसला हे फासे बांधणारे लोक वेगळे, नक्षबंद म्हणतात त्यांना. चित्र बघून ते दोऱ्यांचा लहानसा नक्षा बांधत, आणि त्या मूळ नक्ष्यावरून मागावरचा जाळा उतरवून घेता येई. म्हणजे नक्षी आता विणकराच्या डोक्याबाहेर आली. तिला शरीर मिळालं, तिची नक्कल होऊ लागली. विणकराला फूल कसं बनतं हे माहीत नसलं तरी चालायला लागलं. वर बसलेल्या पोराला तर त्याहून कमी माहीत असे. त्यानं फक्त क्रम चुकवायचा नाही.

फ्रान्समधल्या ल्योंमध्येही असेच माग होते आणि वर अशीच पोरं बसत. तिथे हा पोरगा काढून टाकायचा प्रयत्न पाऊणशे वर्षं चालला. बाझिल बुशाँनं १७२५ मध्ये भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी लावली, फाल्काँनं तीनेक वर्षांत कागदाऐवजी पुठ्ठे आणले, व्होकाँसाँनं १७४५ च्या सुमारास मागाच्या डोक्यावर यंत्र बसवलं. या तिघांचं काम जोझेफ मारी जाकारनं १८०४-०५ मध्ये एकत्र जुळवलं आणि नाव त्याचं झालं; आपण म्हणतो ते जेकार्ड हेच. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिचा हुक तार उचलतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि तार खालीच राहते. एक ओळ, एक पुठ्ठा. हे पुठ्ठे एकमेकांना शिवून माळ करायची. जाकारचं स्वतःचं एक चित्र १८३९ साली ल्योंमध्ये रेशमात विणलं गेलं, त्याला २४ हजारांच्या आसपास पुठ्ठे लागले. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं त्याची एक प्रत मिळवून घरात लावली होती. पाहुण्यांना ते छापलेलं चित्र वाटायचं. बॅबेजनं आपल्या हिशोबाच्या यंत्राला आज्ञा देण्यासाठी हेच पुठ्ठे वापरायचं ठरवलं, आणि ते यंत्र जरी पुरं झालं नाही तरी ती कल्पना टिकली.

एवढ्यावरून हल्ली प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी उठून सांगतं की कॉम्प्युटरचा जन्म मागावर झाला, तेव्हा विणकर हाच पहिला प्रोग्रामर. टाळ्या पडतात. मला यात अर्धीच गोष्ट दिसते. भोक आहे किंवा नाही, तार वर किंवा खाली, हे खरं. पण पुठ्ठा आल्यावर प्रोग्राम विणकराकडे राहिलाच नाही. तो गेला चित्र काढणाऱ्याकडे, त्याच्याकडून पुठ्ठे पाडणाऱ्याकडे, आणि त्या दोघांना पैसे देणाऱ्या व्यापाऱ्याकडे. विणकराकडे राहिला पायटा. ल्योंच्या विणकरांनी १८३१ आणि १८३४ मध्ये बंड केलं ते मजुरीच्या दरावरून. टाळ्या वाजवणाऱ्यांनी तेवढंही सांगावं.

आजोबांच्या मोराशी खरं नातं आहे ते काश्मीरच्या कनी शालीचं. तिथेही प्रत्येक रंगाची वेगळी काडी, तिथेही रंग रंगात गुंतवायचा, सलग धोटा नाही. फक्त विण पैठणीसारखी साधी नाही, तिरपी. पण काश्मीरच्या लोकांनी एक गोष्ट केली जी आम्ही येवल्यात केली नाही. त्यांनी मोजणी लिहून काढली. तिला तालीम म्हणतात. कागदाच्या पट्टीवर खुणांची रांग: या रंगाच्या इतक्या तारा, मग त्या रंगाच्या इतक्या. चित्र नाही, फूल नाही, नुसत्या खुणा. एकजण ती मोठ्यानं वाचतो आणि विणकर त्याप्रमाणे काड्या फिरवतात. गालिच्यांनाही हीच पद्धत. नक्षी इथे दोऱ्यात नाही, पुठ्ठ्यात नाही, लिपीत आहे. आणि ती वाचून कृती करायची ती हातानंच, प्रत्येक तारेला हात लावून.

या शालींच्या नकला स्कॉटलंडच्या पेझली गावात आणि फ्रान्समध्ये जेकार्डवर निघाल्या. कैरीच्या नक्षीला इंग्रजीत अजून त्या गावाचं नाव आहे. कैरी मूळची कुणाची हे गिऱ्हाइकाला विचारावंसं वाटलं नाही. पुढे १८७० च्या फ्रान्स-प्रशियाच्या लढाईनंतर शालींची फॅशन ओसरली, तोवर काश्मीरचं सगळं गणित फ्रान्सच्या मागणीवर बसलेलं. त्यात १८७७ पासूनचा दुष्काळ. विणकर संपले, तसे कनी विणणारे हातही फार थोडे उरले. पण तालीम नावाची वस्तू टिकली, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी हातमाग सुधारायचं मनावर घेतलं त्यांना काळजी होती वेगाची. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधल्या चर्चिल नावाच्या मिशनऱ्यानं झटक्याच्या धोट्याचा सुधारित माग बनवला, तो नावाजला गेला. तिकडे इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला. मिनिटाला धोटा किती वेळा जातो हे मोजणारी ती माणसं. पैठणीच्या पदरात धोट्याचा संबंधच नसल्यामुळे तो पदर या सुधारणांतून तसाच सुटला. त्याला परंपरेवरचं प्रेम वगैरे म्हणायला मी तयार नाही. सुधारणेला तिथे काही धरायला जागा नव्हती, इतकंच.

काठाला आणि अंगावरच्या बुट्टीला मात्र जागा होती. तिथे आधी डॉबी आली, लाकडी पट्ट्यांना खुंट्या ठोकलेली, आणि मग जेकार्ड. आमच्या घरी जेकार्ड आलं ते वडिलांच्या तरुणपणी. मागाच्या वर लाकडी चौकट, तिच्यावर लोखंडी पेटी, तिच्यातून खाली उतरणाऱ्या दोऱ्या. आजोबांनी ते बघून घराचं छत उंच करायला लागणार म्हणून तक्रार केली. छत उंच केलंही.

वडील मागावर फार रमले नाहीत. त्यांनी पुठ्ठे पाडायचं काम धरलं. सुरुवातीला भोकांची लोखंडी पाटी आणि हातोडी. पुढे एक जुनं पियानो मशीन आलं. नावाप्रमाणे त्याला बोटांनी दाबायच्या कळा असतात, आठ ओळींच्या पुठ्ठ्याला आठ, आणि खाली पायटा. समोर फळीवर ग्राफ लावलेला. ग्राफच्या एका आडव्या ओळीतल्या आठ चौकटी बघायच्या, रंगवलेल्या चौकटींच्या कळा दाबायच्या, पाय मारायचा. खट्. पुठ्ठा एक घर पुढे. पुन्हा आठ चौकटी. चारशे हुकांच्या पेटीला एका पुठ्ठ्यात असे पन्नास खटके. ओळ हरवू नये म्हणून ग्राफवर पट्टी सरकवायची. पाडलेले पुठ्ठे आई आणि आत्या ओसरीवर बसून दोऱ्यानं शिवायच्या. पावसाळ्यात पुठ्ठे फुगायचे आणि भोकं सुयांसमोर नीट येईनात, मग विणकर दारात येऊन भांडायचा. उंदरांना त्या पुठ्ठ्यांत काय गोडी होती कोण जाणे.

हिशोब साधा आणि निर्दयी होता. समजा मोर सहा इंच उंच, आणि इंचाला साठ ओळी. म्हणजे ३६० ओळी. मोरात चार रंग असतील तर प्रत्येक रंगाला वेगळा पुठ्ठा, म्हणजे १४४०. तिल्लीनं विणणाऱ्याला चौथा रंग म्हणजे एक जादा काडी. पुठ्ठ्यावर विणणाऱ्याला चौथा रंग म्हणजे ३६० पुठ्ठ्यांचा खर्च. त्यातून जेकार्डच्या मोरातले रंग मागच्या बाजूनं मोकळे धावतात, ते कापून टाकावे लागतात. म्हणून तो मोर पाठीमागून झिपऱ्या दिसतो. स्वस्त झाला, लवकर झाला, आणि रंगानं गरीब झाला. ज्यांना लग्नात पैठणी परवडत नव्हती अशा पुष्कळ घरांत तो गेला, हेही खरं. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच्या पुठ्ठ्यांवर माझं शिक्षण झालं.

ग्राफ काढायला मी बाराव्या वर्षापासून बसलो. कागदावर बारीक चौकटी, हातात ब्रश, तांबडा रंग. या धंद्यातली पहिली खुबी ही, की ग्राफवर जे सुंदर दिसतं ते कापडावर तसं उतरत नाही. समजा इंचाला उभ्या तारा बहात्तर आणि आडव्या ओळी साठ. चौरस चौकटींच्या कागदावर छान गोल काढला, बहात्तर चौकटी रुंद आणि बहात्तर उंच, तर कापडावर तो एक इंच रुंद आणि एक इंच दोन दशांश उंच येणार. गोलाचं अंडं झालं. म्हणून आडव्या-उभ्या चौकटी सारख्या नसलेला कागद वापरतात, किंवा डोळ्याला कळूनसवरून खोटं चित्र काढायची सवय लावतात. वडिलांचा डोळा तसा तयार झालेला होता. ते ग्राफवर बुटका, फताडा पोपट काढायचे आणि कापडावर तो ऐटीत उभा राहायचा.

ग्राफ काढणाऱ्यांना चित्रकार म्हणून कुणी कधी मोजलं नाही. पण सरकारनं पन्नाशीच्या दशकात विणकर सेवा केंद्रं काढली तेव्हा हातमाग-हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकरांनी तिथे खरोखरच चित्रकार आणून बसवले. प्रभाकर बरवे १९६१ साली त्यात लागले, आधी बनारसला आणि मग मुंबईला. ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिणारे तेच बरवे. त्यांच्या चित्रांतल्या मोकळ्या जागेत सुट्या सुट्या ठेवलेल्या वस्तू बघताना मला उगाच बुट्टीचं अंतर आठवतं. यात माझ्या धंद्याचा पूर्वग्रह असेल. बऱ्याच वर्षांचा पगार त्यांनी कापडाच्या नक्षीवर घेतला एवढं मात्र नक्की.

कॉम्प्युटरनं मागाचं देणं परत केलं ते साठीच्या दशकात. आयबीएम कंपनीत जॅनिस लोरी नावाच्या बाई होत्या, स्वतः विणणाऱ्या. ग्राफ काढण्यात जाणारा वेळ त्यांना ठाऊक होता. पडद्यावर प्रकाशाच्या पेननं आकार काढायचा, आतली विण कॉम्प्युटरनं भरायची, आणि त्यातून मागाला लागणाऱ्या आज्ञा तयार व्हायच्या, असा प्रोग्राम त्यांनी लिहिला. १९६८ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर तो चालवून दाखवला. पुढे १९८३ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीनं पुठ्ठ्यांशिवायचं जेकार्ड आणलं. हुक उचलायचा की नाही ते वीज ठरवणार. जाकारच्या पुठ्ठ्यानं जवळजवळ १८० वर्षांची नोकरी केली.

येवल्याला हे सगळं फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोचलं. एका संस्थेनं विणकरांसाठी म्हणून कॉम्प्युटर आणला, हार घातला, फोटो काढले. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते दुपारी जेवायला घरी जात आणि बरेचदा तिकडेच राहत. सॉफ्टवेअर इंग्रजी. महागही इतकं, की त्या पैशात एखादा माग उभा राहिला असता. मी शिकलो ते नाशिकला एका पडदे विकणाऱ्याकडे नोकरी करून. आता डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनचं डिजीबुनाई नावाचं सॉफ्टवेअर आहे, जेकार्ड आणि डॉबी दोन्हींसाठी, फुकट. पण ते उघडून बसायला माणूस लागतो, आणि मागावर बसलेल्या माणसाला मागावरून उठणं परवडत नाही. म्हणून माझ्यासारख्याचं दुकान चालतं.

सॉफ्टवेअरला काय येतं आणि काय येत नाही, हे मुनियाच्या चोचीवरून कळतं. मुनिया म्हणजे काठा-पदरातला छोटा पोपट, अंग पानासारखं हिरवं, चोचीशी लाल. गिऱ्हाईक मोबाइलवर जुन्या साडीचा फोटो पाठवतं. तो घ्यायचा, तारा आणि ओळींचं प्रमाण सांगायचं, आणि कळ दाबायची. गोलाचं अंडं होण्याची भानगड मिटली, तो हिशोब यंत्र क्षणात करतं. डावा पोपट उलटून उजवा करायचं काम तर चुटकीसरशी. वडिलांचा आठवडा मी एका दुपारी संपवतो. पण फोटो लहान करताना यंत्र जवळजवळच्या ठिपक्यांची सरासरी काढतं. मुनियाची चोच आहे पाच तारांची. सरासरीत लाल आणि जर मिसळून तिथे मातकट ठिपका येतो. तो पोपट चिमणीसारखा दिसतो. मग चोच हातानं. पहिल्या ओळीत दोन चौकटी लाल, दुसरीत चार, तिसरीत पाच, मग खालून आत घेत तीन, दोन, आणि टोकाला बाक द्यायचा तर शेवटच्या दोन एक घर डावीकडे. ती एक घर डावीकडची सरकणूक नसली तर पोपट बावळट दिसतो.

पदराच्या कामात तर दुसरीच अडचण. आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत, नवऱ्यापेक्षा त्यांचा हात चांगला, हे नवराही सांगतो. पदर तिल्लीनंच विणतात. त्यांना मी पहिल्यांदा मोराचा छापील ग्राफ नेऊन दिला तेव्हा त्यांनी पेन्सिल मागितली आणि तुऱ्याच्या टोकाच्या सात-आठ चौकटींवर फुल्या मारल्या. “भाऊजी, इथे एकट्या तारेवर रंग ठेवलाय तुम्ही. एका तारेवर तिल्ली वळवली तर गुठळी येते. निदान दोन तरी द्या.” जेकार्डला एकटी तार चालते, हुक काही तक्रार करत नाही. तिल्लीला चालत नाही. हा नियम माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. आजोबांना ठाऊक असणारच, पण त्यांनी तो कुणाला सांगितला नाही.

वहिनींनी दुसरीही गोष्ट सांगितली. ग्राफ भिंतीला लावला की मान सारखी वर करावी लागते, चौकटी मोजाव्या लागतात, डोळे दुखतात. मला तेव्हा काश्मीरची तालीम आठवली. श्रीनगरच्या गालिचा तंत्रज्ञान संस्थेत कॉम्प्युटरवरून तालीम काढण्याचं काम झालं आहे हे मी वाचलं होतं. मी एक छोटा प्रोग्राम लिहून घेतला, भाच्यानं लिहिला, तो पुण्याला कॉलेजात आहे. ग्राफची प्रत्येक ओळ तो आकड्यांत उतरवतो: जर १४, हिरवा ३, लाल २, जर ९. मराठीत, मोठ्या अक्षरात, एका कागदावर वीस ओळी. एकट्या तारेवर रंग आला तर ती ओळ ठळक छापतो. वहिनींची मुलगी शाळेतून आली की दाराशी बसून ते वाचते आणि वहिनी तिल्ल्या फिरवतात. मुलगी नसली तर मोबाइलवर मुलीच्याच आवाजात भरून ठेवलेलं ऐकतात. एक ओळ झाली की कोपरानं पडद्याला स्पर्श करून पुढची.

गुंतवण हातानंच, ताण हातानंच. कॉम्प्युटर फक्त मोजतो. एवढ्यानं पदर निम्म्या वेळात होतो वगैरे कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका; वेळ गुंतवणीत जातो, मोजणीत नाही. वाचतात ते डोळे, आणि चुकून उसवाव्या लागणाऱ्या ओळी. शिवाय जो मोर त्यांच्या सासूला येत होता आणि त्यांना येत नव्हता, तो आता त्या विणतात.

राहिला तो जुनाच प्रश्न, नक्षी कुणाच्या ताब्यात. पुठ्ठ्यांची माळ चोरायची तर हातगाडी लागायची. फाइल रात्री व्हॉट्सॲपवर जाते आणि आठवडाभरात तीच वेल सुरतच्या यंत्रमागावर निघते. १९८५ च्या कायद्यानं काही प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलं आहे, पण नक्षीच्या फाइलबद्दल त्यात काय असणार? माझ्या दोन-तीन वेली अशा गेल्या. कुणी नेल्या ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. आम्ही लग्नकार्यात भेटतो.

वहिनींनी यावर आपल्यापुरता निकाल लावला. गेल्या दिवाळीआधी त्यांनी स्वतः एक पदर सुचवला, कमळाच्या दोन्ही बाजूंना पाठमोऱ्या मुनिया, मान वळवून बघणाऱ्या. अर्धी रेघ त्यांची, अर्धी माझी, फुल्या सगळ्या त्यांच्या. पैसे द्यायला आल्या तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन आल्या. म्हणाल्या, फाइल यात घाला आणि तुमच्याकडची माझ्यादेखत पुसून टाका. मी म्हटलं, वहिनी, उद्या पेनड्राइव्ह बिघडला तर? त्यांनी पिशवीतून दुसरा काढला. मी पुसली. पंधरा दिवसांनी एक व्यापारी तोच पदर विचारत माझ्याकडे आला. मी त्याला गल्लीतलं त्यांचं घर दाखवलं. तो तिकडे गेला, आणि त्यांनी सांगितलेला भाव ऐकून परत माझ्याकडे तक्रार करायला आला.